शेअर्ड मेमरीतलं हॅश टेबल: अनेक प्रोसेसनी एकच टेबल वापरायचं तर

एका मशीनवर आठ-दहा वर्कर प्रोसेस समांतर चालू आहेत, सगळ्यांना एकच टेबल लागतंय, आणि प्रत्येक जण आपापली प्रत घेऊन बसलाय. मेमरी वाया जाते ते जातंच, पण एकाने केलेला बदल दुसऱ्याला दिसत नाही हे जास्त त्रासाचं. अशा वेळी कुणीतरी सुचवतं, "टेबल शेअर्ड मेमरीत टाक ना." शेअर्ड मेमरी म्हणजे अनेक प्रोसेसना एकदम वाचता-लिहिता येईल असा मेमरीचा तुकडा. सुचवणाऱ्याचं एका वाक्यात आटोपतं, करणाऱ्याचे दोन आठवडे जातात. ते कमी व्हावेत म्हणून हा लेख.

हॅश टेबल आतून कसं चालतं हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो. मात्र नेहमीचं टेबल गरजेप्रमाणे वाढतं, पॉइंटर धरून ठेवतं आणि प्रोसेस संपली की तिच्याबरोबर जातं. शेअर्ड मेमरीत या तिन्ही गोष्टी बदलतात. हॅशिंगचा भाग सोपाच राहतो. टेबल कोण बनवतं, कोण वापरतं आणि वापरता वापरता कोण मरतं, यातच सगळी मेहनत जाते. उदाहरणं लिनक्स आणि सी धरून दिली आहेत. पायथनवाल्यांसाठी पुढे वेगळा भाग आहे, पण त्यांनीही मधलं सोडू नये.

१. आधी हे ठरवा: याची गरज आहे का?

टेबल एकदा भरल्यावर बदलतच नसेल तर यातलं काहीही करू नका. मूळ प्रोसेसमध्ये टेबल भरा आणि मग फोर्क करा, म्हणजे तिच्यापासून मुलं-प्रोसेस बनवा. लिनक्स मेमरीची पानं (ठरावीक आकाराचे भाग) लगेच कॉपी करत नाही. कुणी लिहीपर्यंत सगळी मुलं तीच पानं वाचतात. पायथनमध्ये हा फायदा हळूहळू गळून जातो, कारण एखादं ऑब्जेक्ट नुसतं वाचलं तरी त्याचा रेफरन्स काउंट (त्याला किती जण धरून आहेत याची मोजणी) बदलतो. ते लिहिणंच झालं, आणि पान कॉपी होतं.

वर्कर एकापेक्षा जास्त मशीनवर असतील तर रेडिससारखा वेगळा सर्व्हर लागेल. मशीन बंद पडलं तरी डेटा टिकायला हवा असेल तर एलएमडीबी बघा. ते हॅश टेबल नाही, बी-प्लस-ट्री आहे, आणि एका वेळी एकालाच लिहू देतं. पण अनेक प्रोसेसनी एकत्र वाचण्यासाठी ते घासूनपुसून तयार आहे.

पायथनमधल्या मल्टिप्रोसेसिंगच्या मॅनेजरचा डिक्ट बरेच जण शेअर्ड मेमरी समजून वापरतात. तो तसा नाही. डिक्ट एका वेगळ्या सर्व्हर प्रोसेसमध्ये असतो आणि प्रत्येक वाचन-लेखन पिकल होऊन (बाइटच्या रूपात बदलून) सॉकेट किंवा पाइपमधून जातं. चालतं, पण वेगासाठी आला असाल तर निराशा होईल.

एकच मशीन, वारंवार वाचन, बऱ्यापैकी लेखन, आणि मशीन रीस्टार्ट झाल्यावर डेटा गेला तरी चालेल, असं तुमचं गणित असेल तर पुढे वाचा.

२. हाताशी काय लागेल

साधनं:
- सी कंपायलर आणि सी११ची अ‍ॅटॉमिक हेडर फाइल
- पीथ्रेड लायब्ररी (थ्रेड वापरत नसलात तरी, म्युटेक्ससाठी, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणाऱ्या लॉकसाठी)
- एसएचएम_ओपन, एफट्रंकेट, पॉझिक्स_एफअ‍ॅलोकेट, एममॅप, एसएचएम_अनलिंक हे पाच कॉल. जुन्या जीलिबसीवर लिंक करताना आरटी लायब्ररी वेगळी जोडावी लागते.
- चांगला हॅश, उदा. एक्सएक्सहॅश

कागदावर लिहून ठेवायची माहिती:
- जास्तीत जास्त किती किल्ल्या (की) असतील
- सर्वांत लांब किल्ली किती बाइटची
- व्हॅल्यूचा आकार ठरलेला आहे का
- वर्कर एकाच मूळ प्रोसेसमधून फोर्क होतात की स्वतंत्र सुरू होतात
- एखादा वर्कर मध्येच मेला तर काय गमावलेलं चालेल

या दुसऱ्या यादीतल्या शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं नसतील तर कोड लिहायला बसू नका. सगळं डिझाइन त्यांवरच उभं आहे.

तुमच्या भाषेत हे तयार मिळत असेल तर तेच घ्या. सी++मध्ये बूस्टची इंटरप्रोसेस लायब्ररी आहे, पीएचपीत स्वूलचं टेबल आहे. तरी आत काय चाललंय हे माहीत असावं, कारण स्वूलच्या टेबलालाही ओळींची संख्या आधी सांगावी लागते आणि ते फोर्कच्या आधीच बनवावं लागतं. ही बंधनं का आहेत ते पुढे कळेल.

३. आकार आधीच ठरवा

नेहमीचं टेबल भरत आलं की दुप्पट मोठी जागा घेऊन सगळं तिकडे हलवतं. इथे तसं करायला गेलात तर दहा प्रोसेसनी जुना तुकडा मॅप केलेला (आपल्या पत्त्यांत जोडलेला) असतो, आणि प्रत्येकीला "थांब, नवा पत्ता घे" असं सांगावं लागतं. करता येतं, पण पहिल्या आवृत्तीत मुळीच करू नका. पोस्टग्रेसक्यूएलही आपली मुख्य शेअर्ड मेमरी सर्व्हर सुरू होतानाच एकदा आकार ठरवून घेतो. एवढ्या जुन्या-जाणत्या डेटाबेसला त्यात कमीपणा वाटत नसेल तर आपल्यालाही वाटू नये.

ओपन अ‍ॅड्रेसिंग आणि लिनिअर प्रोबिंग वापरा, म्हणजे जागा भरलेली असेल तर लगतचा पुढचा स्लॉट बघत जायचं. साखळ्यांचं टेबल नको. साखळी म्हणजे पॉइंटर आणि पॉइंटर म्हणजे डोकेदुखी.

एक ठोस मांडणी देतो. समजा सहा लाख किल्ल्या अपेक्षित आहेत. एक स्लॉट बरोबर ६४ बाइटचा बनवा, म्हणजे एक्स८६वरच्या एका कॅश लाइनइतका:

- स्थिती: ४ बाइट (० रिकामा, १ भरलेला, २ पुसलेला)
- किल्लीची लांबी: ४ बाइट
- पूर्ण हॅश: ८ बाइट
- किल्ली: ४० बाइट
- व्हॅल्यू: ८ बाइट

रिकाम्या स्थितीला ० हाच आकडा देण्यामागे कारण आहे. शेअर्ड मेमरीची नवी पानं शून्यांनी भरलेलीच मिळतात, त्यामुळे टेबल वेगळं साफ करावं लागत नाही. पूर्ण हॅश साठवला की शोधताना आधी तो जुळवता येतो, आणि ४० बाइटची तुलना क्वचितच करावी लागते.

स्लॉटची संख्या दोनच्या घातात घ्या. सहा लाखांना २^२०, म्हणजे १०,४८,५७६ स्लॉट. भरणा साधारण ५७ टक्के होतो. लिनिअर प्रोबिंगमध्ये भरणा वाढला की शोध कसा महागतो ते बघा: नसलेली किल्ली शोधायला ५० टक्क्यांवर सरासरी अडीच स्लॉट बघावे लागतात, ७५वर साडेआठ आणि ९०वर पन्नास. ७५च्या वर जाऊच देऊ नका.

आता गुणाकार करा. १०,४८,५७६ गुणिले ६४ म्हणजे ६,७१,०८,८६४ बाइट, बरोबर ६४ एमबी. त्यात हेडरची (टेबलाची माहिती आणि लॉक ठेवायची) दोन पानं, ४,०९६ बाइटचं एकेक, म्हणजे एकूण ६,७१,१७,०५६.

सापळा: डॉकर कंटेनरमध्ये /डेव्ह/एसएचएमची (शेअर्ड मेमरीचे तुकडे जिथे राहतात त्या जागेची) डीफॉल्ट मर्यादा ६४ एमबीच असते. आपलं टेबल तिच्या फक्त दोन पानं वर जातं. मजा अशी की एफट्रंकेट यशस्वी होतो आणि एममॅपही यशस्वी होतो, कारण टेम्पएफएस (त्या जागेमागची, मेमरीतली फाइलसिस्टिम) पानं खरोखर वापरली जाईपर्यंत जागा देतच नाही. किल्ल्या भरू लागतात. हॅशमुळे त्या सगळीकडे विखुरतात, एका पानात ६४ स्लॉट असतात, त्यामुळे दीड-पावणेदोन लाख किल्ल्या होईतो जवळपास प्रत्येक पानाला हात लागून गेलेला असतो. मग एक साधं लेखन होतं आणि प्रोसेस सिगबसने, म्हणजे मॅप केलेल्या पानामागे मेमरीच नसल्याच्या सिग्नलने, मरते. टेबल तेव्हा जेमतेम १६ टक्के भरलेलं असतं, म्हणून संशय जागेवर जातच नाही. माणूस कोडमध्ये पॉइंटरची चूक शोधत बसतो.

उपाय साधा आहे. आकार देताना पॉझिक्स_एफअ‍ॅलोकेट वापरा. तो सगळी जागा तिथेच मागतो आणि नसेल तर सुरुवातीलाच "जागा नाही" असा एरर देतो. कंटेनर चालवताना एसएचएम-साइझचा पर्याय वाढवून द्या. कंटेनरबाहेर टेम्पएफएसची डीफॉल्ट मर्यादा भौतिक रॅमच्या निम्मी असते, तिथे सहसा अडत नाही.

४. तुकडा एकानेच बनवायचा

सर्वांत सोपा मार्ग आधी सांगतो. सगळे वर्कर एकाच मूळ प्रोसेसमधून फोर्क होत असतील आणि पुढे एक्झेक करत (स्वतःच्या जागी दुसरा प्रोग्रॅम चालवत) नसतील, तर एसएचएम_ओपनची गरजच नाही. फोर्कच्या आधी एममॅपला शेअर्ड आणि अनॉनिमस हे दोन फ्लॅग देऊन तुकडा घ्या. नाव नाही, परवानग्या नाहीत, मागे कचरा उरत नाही. शेवटची प्रोसेस गेली की मेमरी मोकळी. शक्य असेल तिथे हेच करा.

वर्कर स्वतंत्र सुरू होत असतील तर मात्र नाव असलेला तुकडा लागतो, आणि शर्यत सुरू होते. दोघे एकदम उठले तर हेडर कोण लिहिणार? क्रम असा ठेवा:

क) एसएचएम_ओपनला "बनव" आणि "आधीच असेल तर नकार दे" हे दोन्ही फ्लॅग द्या. परवानगी ०६००.
ख) यशस्वी झालात तर मालक तुम्ही. जागा घ्या, मॅप करा, लॉक तयार करा, हेडर भरा, आणि अगदी शेवटी "तयार" हा झेंडा अ‍ॅटॉमिक रिलीज स्टोअरने लावा, म्हणजे झेंडा दिसला की आधीचं सगळं लेखनही दिसतं.
ग) "आधीच आहे" असा एरर आला तर साधं उघडा. एफस्टॅटने आकार बघा, पूर्ण होईपर्यंत थांबा, मग मॅप करा आणि "तयार" झेंडा दिसेपर्यंत पुन्हा थांबा. झेंडा अक्वायर लोडने (रिलीज स्टोअरच्या जोडीच्या वाचनाने) वाचा.

'ग'मधलं आकाराचं थांबणं लोक गाळतात. मालकाने तुकडा बनवला पण जागा अजून घेतली नाही, त्या क्षणी तुम्ही मॅप करून वाचायला गेलात तर पुन्हा सिगबस.

थांबण्याला मुदत घाला, कारण मालक अर्ध्यावर मरू शकतो. मुदत संपल्यावर काय करायचं यावर माझं मत ठाम आहे: वर्करने स्वतः दुरुस्ती करायची नाही. तुकडा पुसून नवा बनवण्याचा अधिकार प्रत्येक वर्करला दिलात की दोन वर्कर दोन वेगळे तुकडे घेऊन सुखाने नांदतात आणि एकमेकांचा डेटा कधीच बघत नाहीत. बनवणं-पुसणं हे वर्कर सुरू करणाऱ्या सुपरव्हायझरचं काम.

हेडरमध्ये किमान एवढं हवं: ओळखीचा ठरावीक आकडा, मांडणीची आवृत्ती, स्लॉटचा आकार, स्लॉटची संख्या, हॅशचा सीड (त्याचा सुरुवातीचा आकडा), आणि "तयार" झेंडा. जोडणाऱ्या प्रत्येक प्रोसेसने पहिल्या चार गोष्टी आपल्या अपेक्षेशी ताडून बघाव्यात आणि जुळलं नाही तर बाहेर पडावं.

५. पॉइंटर आत ठेवू नका

एकच तुकडा दोन स्वतंत्र प्रोसेसमध्ये वेगवेगळ्या पत्त्यांवर मॅप होतो. एकीने लिहिलेला पॉइंटर दुसरीसाठी निरर्थक आकडा असतो. तुकड्यात ठेवायचा तो ऑफसेट, म्हणजे सुरुवातीपासूनचं अंतर. ऑफसेट शून्यावर हेडर असतं, त्यामुळे शून्याचा अर्थ "काही नाही" असा बिनधास्त घेता येतो.

"एममॅपला ठरावीक पत्ता मागतो" हा सल्ला कुणी दिला तर नम्रपणे नाकारा. त्या पत्त्यावर आधीच एखादी लायब्ररी बसलेली असेल तर फिक्स्ड फ्लॅग तिला न विचारता उडवून लावतो.

सी++वाल्यांनी नेहमीची स्ट्रिंग, नेहमीचा मॅप किंवा व्हर्च्युअल फंक्शन असलेला क्लास तुकड्यात ठेवू नये. त्यांच्या पोटात पॉइंटर असतात, दिसत नाहीत एवढंच. किल्ल्या ४० बाइटपेक्षा लांब असतील तर तुकड्याच्या शेवटी एक वेगळा पट्टा राखून अक्षरं तिथे ठेवा, आणि स्लॉटमध्ये ऑफसेट व लांबी.

६. हॅश सगळ्यांचा एकच हवा

पायथन ३.३पासून स्ट्रिंगचा अंगभूत हॅश प्रत्येक प्रोसेसमध्ये वेगळ्या सीडने सुरू होतो. फोर्क झालेल्या मुलांत तो सारखा राहतो म्हणून चाचणीत सगळं छान चालतं, आणि स्वतंत्र सुरू केलेल्या प्रोसेसमध्ये एकीने ठेवलेली किल्ली दुसरीला सापडत नाही. भाषेचा अंगभूत हॅश इथे वापरायचाच नाही. आपला हॅश घ्या, त्याचा सीड हेडरमध्ये ठेवा.

दुसरी गोष्ट कमी लोकांना माहीत असते. ६४ बिटांच्या एफएनव्ही-१एमध्ये किल्लीच्या शेवटच्या एक-दोन अक्षरांचा परिणाम सर्वांत वरच्या बिटांपर्यंत जवळपास पोचतच नाही. पुढच्या पायरीत आपण वरचेच बिट वापरणार आहोत. शेवटी फक्त आकडा बदलणाऱ्या किल्ल्या असतील तर त्या गठ्ठ्याने एकाच विभागात जाऊन पडतील. एक्सएक्सहॅश घ्या, नाहीतर एफएनव्हीच्या निकालावर मर्मरहॅशच्या शेवटच्या मिश्रणाची पायरी फिरवा.

७. लॉक: एक नको, शेकडोही नकोत

सगळ्या टेबलाला एकच लॉक लावून सुरुवात करायला हरकत नाही. बरोबर चालतंय हे आधी दिसू द्या. वर्कर वाढले की मग विभाग पाडा. पोस्टग्रेसक्यूएल ९.५पासून आपलं बफर टेबल १२८ विभागांत वाटतो, लॉकचं टेबल १६ विभागांत. आपल्या उदाहरणात ६४ पुरे, म्हणजे प्रत्येक विभागात १६,३८४ स्लॉट.

इथे दोन सापळे आहेत आणि दोन्ही भल्याभल्यांना गाठतात.

पहिला: सलग स्लॉटांवर लॉक वाटून देणं आणि प्रोबिंग मात्र सगळ्या टेबलभर चालू ठेवणं. शोध विभागाच्या शेवटच्या स्लॉटवरून पुढच्या विभागात शिरतो, जिथलं लॉक तुमच्याकडे नाही. म्हणून प्रत्येक विभाग हे स्वतंत्र छोटं टेबल माना. शेवटचा स्लॉट आला की त्याच विभागाच्या सुरुवातीला वळा. १६,३८४ स्लॉट बघूनही जागा नाही मिळाली तर "विभाग भरला" असं परत करा. ही मर्यादा घातली नाहीत तर भरलेल्या विभागात लूप लॉक धरून अनंतकाळ फिरतो.

दुसरा: विभाग आणि स्लॉट दोन्ही हॅशच्या त्याच बिटांतून काढणं. खालच्या ६ बिटांतून विभाग आणि खालच्याच १४ बिटांतून स्लॉट काढलात, तर एका विभागातल्या सगळ्या किल्ल्यांचे खालचे ६ बिट सारखेच. १६,३८४पैकी फक्त २५६ स्लॉट "मूळ जागा" म्हणून उरतात आणि लांबच लांब रांगा लागतात. विभाग वरच्या ६ बिटांतून काढा, स्लॉट खालच्या १४मधून.

प्रत्येक विभागाची नोंद ६४ बाइटची ठेवा. ६४-बिट एक्स८६ लिनक्सवर पीथ्रेड म्युटेक्स ४० बाइटचा असतो. उरलेल्या २४मध्ये भरलेले स्लॉट, पुसलेले स्लॉट आणि "काम अर्धवट" झेंडा. ६४ नोंदी मिळून बरोबर एक पान. हेडरला दोन पानं धरली होती त्यातलं हे दुसरं. दोन लॉक एकाच कॅश लाइनवर आले तर वेगवेगळ्या विभागांवर काम करणारे वर्करही एकमेकांना विनाकारण थांबवतात, म्हणून नोंद ६४ची.

म्युटेक्स बनवताना अ‍ॅट्रिब्यूटमध्ये "प्रोसेस-शेअर्ड" लावायला विसरू नका. नाही लावलं तरी कधीकधी चालल्यासारखं वाटतं, आणि तेच घातक. एका कामाला दोन किल्ल्या एकदम लागत असतील तर लॉक नेहमी विभागाच्या चढत्या क्रमाने घ्या, आणि दोन्ही एकाच विभागात असतील तर एकदाच.

लॉकशिवाय वाचता येईल का? टेबलात फक्त भर पडत असेल, काही पुसलं जात नसेल आणि व्हॅल्यू एकाच अ‍ॅटॉमिक स्टोअरने बदलत असेल तर येईल. पुसणं आलं की ते अवघड होतं. मोजमाप करून लॉकच अडथळा ठरतोय असं दिसेपर्यंत तिकडे वळू नका.

८. लिहिण्याचा क्रम

नवी किल्ली टाकताना आधी लांबी, हॅश, किल्ली, व्हॅल्यू लिहायची आणि स्थिती १ करायची ती सर्वांत शेवटी, रिलीज स्टोअरने. लॉक हातात असताना हा शिस्तीचा अतिरेक वाटेल. त्याचा उपयोग पुढच्या पायरीत आहे.

पुसताना स्लॉट रिकामा करू नका, स्थिती २ करा. नाहीतर पुढे सरकलेल्या किल्ल्या शोधात सापडणार नाहीत. पुसलेल्या जागी नवी किल्ली टाकता येते, पण आधी शोध रिकाम्या स्लॉटपर्यंत पूर्ण करा. तीच किल्ली पुढे असू शकते. पुढच्या किल्ल्या मागे सरकवून जागा भरण्याची युक्ती एका प्रोसेसमध्ये उत्तम आहे. इथे मात्र सरकवता सरकवता प्रोसेस मेली तर एकच किल्ली दोन जागी राहते.

भरलेले आणि पुसलेले मिळून ७५ टक्क्यांवर गेले की त्या विभागाची फेरमांडणी करा: लॉक घ्या, "अर्धवट" झेंडा लावा, भरलेले स्लॉट खासगी मेमरीत काढा, विभाग शून्य करा, परत भरा, झेंडा उतरवा.

९. लॉक धरून कुणी मेलं तर

ही पायरी टाळून पुढे गेलात तर प्रॉडक्शनमध्ये कधीतरी सगळे वर्कर एकदम गप्प होतील. मेमरी संपली म्हणून कर्नल एखाद्या वर्करला मारतो, किंवा कुणी किल -९ (सक्तीने मारण्याचा सिग्नल) देतं. त्याच्या हातातलं लॉक शेअर्ड मेमरीत बंदच राहतं आणि बाकीचे त्याच्यापुढे रांग लावतात. सीपीयू शून्यावर, लॉगमध्ये एक ओळ नाही.

म्युटेक्सच्या अ‍ॅट्रिब्यूटमध्ये "रोबस्ट" लावा. मग मालक मेल्यावर पुढच्या मागणाऱ्याला लॉक मिळतं, पण सोबत "ओनर डेड" असा परतावा येतो. तो मिळाल्यावर:

क) विभागाचा "अर्धवट" झेंडा बघा. उतरलेला असेल तर टेबल ठीक आहे: आठव्या पायरीतल्या क्रमामुळे अर्धवट लिहिलेला स्लॉट अजून रिकामा किंवा पुसलेलाच दिसतो, पुढचा लिहिणारा त्यावरून लिहील. मोजण्या मात्र चुकलेल्या असू शकतात, त्या स्लॉट मोजून पुन्हा भरा.
ख) झेंडा लागलेला असेल तर फेरमांडणी मध्येच तुटली आहे. टेबल कॅशसारखं वापरत असाल तर विभाग सरळ रिकामा करा. डेटा मूळ जागेवरून परत येईल. कॅश नसेल तर पहिल्या पायरीत सांगितलेल्या एलएमडीबीकडे जा, हे टेबल तुमच्यासाठी नव्हे.
ग) म्युटेक्सवर "कन्सिस्टंट" हा कॉल करा आणि मगच अनलॉक करा. तो न करता अनलॉक केलात तर म्युटेक्स कायमचा निकामी होतो आणि यापुढे प्रत्येकाला "नॉट रिकव्हरेबल" मिळतं.

लॉकचा परतावा न तपासणाऱ्या कोडमध्ये रोबस्ट लावून काही उपयोग नाही, उलट नुकसान आहे. सगळी लॉकिंग एकाच फंक्शनमधून जाऊ द्या. मॅकओएसवर रोबस्ट म्युटेक्स नाहीत, त्यामुळे तिथे हा कोड चालवायचा असेल तर पुढचा फाइल-लॉकचा मार्ग घ्या.

१०. पायथनवाल्यांसाठी

पायथन ३.८पासून मल्टिप्रोसेसिंगमध्ये शेअर्ड मेमरीचं मॉड्यूल आहे. ते कच्चे बाइट देतं. स्लॉटची मांडणी स्ट्रक्ट मॉड्यूलने तुम्हीच करायची. दोन गोष्टी सांभाळा.

मल्टिप्रोसेसिंगचं लॉक लिनक्सवर सेमाफोरवर उभं आहे. धरणारा मेला की ते सुटत नाही. त्याऐवजी एक साधी फाइल ठेवा आणि एफसीएनटीएलचं बाइट-रेंज लॉक घ्या: विभाग १७साठी १७वा बाइट. प्रोसेस मेली की कर्नल ते आपोआप सोडतो. याची खोड अशी की प्रोसेसने ती फाइल कुठेही दुसऱ्यांदा उघडून बंद केली तर तिची त्या फाइलवरची सगळी लॉक गळून पडतात. शिवाय एकाच प्रोसेसच्या थ्रेडमध्ये ही लॉक काहीच अडवत नाहीत.

दुसरी गोष्ट रिसोर्स ट्रॅकरची. स्वतंत्र सुरू झालेली प्रोसेस तुकड्याला नुसती जोडली गेली तरी तिचा ट्रॅकर तो आपला समजतो आणि ती संपताना तुकडा पुसून टाकतो. ३.१३मध्ये यासाठी ट्रॅक हा पर्याय आला. जोडणाऱ्यांनी तो बंद ठेवावा.

११. चाचणी

तीन चाचण्या पुरतात. पहिली: सगळे वर्कर त्याच हजारभर किल्ल्यांची व्हॅल्यू प्रत्येकी लाख वेळा एकने वाढवतात, शेवटी बेरीज नेमकी जुळली पाहिजे, एकानेही कमी नको. दुसरी: तीच, पण हॅश मुद्दाम वाईट करून, म्हणजे सगळ्यांना एकच आकडा देऊन. प्रोबिंगच्या वळणातल्या चुका इथेच दिसतात. तिसरी: एक स्क्रिप्ट अधूनमधून कुठल्याही वर्करला किल -९ देते आणि नवा सुरू करते. यात बेरीज जुळणार नाही, पण कुणी अडकता कामा नये आणि एकही किल्ली दोनदा दिसता कामा नये.

थ्रेड सॅनिटायझर प्रोसेसच्या सीमेपलीकडचं बघत नाही. म्हणून टेबलाचा कोड असा लिहा की चाचणीपुरता तोच अनेक थ्रेडमध्ये चालवता येईल.

टॉपमध्ये प्रत्येक वर्करसमोर ६४ एमबी जास्त दिसले तर घाबरू नका. तीच पानं प्रत्येकाच्या नावावर मोजली जातात. खरा वाटा /प्रॉक खालच्या स्मॅप्स_रोलअपमध्ये पीएसएस या ओळीत मिळतो. तुकडा आहे की नाही हे बघायला /डेव्ह/एसएचएमची यादी काढा. आयपीसीएस कमांड जुन्या सिस्टिम-५ पद्धतीचे तुकडे दाखवते, आपला नाही.

१२. आवराआवर आणि नवी आवृत्ती

नाव असलेला तुकडा सगळ्या प्रोसेस संपल्या तरी राहतो, मशीन रीस्टार्ट होईपर्यंत. उलटंही घडतं: सिस्टिमडीच्या लॉगिंडमध्ये (लॉगिन सांभाळणाऱ्या सेवेत) रिमूव्हआयपीसी चालू असेल तर सामान्य युजर पूर्ण लॉगआउट झाल्यावर त्याचे तुकडे पुसले जातात. बॅकग्राउंडला टाकलेले वर्कर मग जुन्या, निनावी तुकड्यावर चालत राहतात आणि नंतर सुरू झालेल्यांना नवा मिळतो. सर्व्हिस सिस्टिम युजरच्या नावाने चालवली की हे टळतं.

स्लॉटची मांडणी बदलली की तुकड्याच्या नावातच आवृत्तीचा आकडा बदला. डिप्लॉय करताना सुपरव्हायझर नव्या नावाचा तुकडा बनवेल, नवे वर्कर त्याला जोडले जातील आणि जुन्या नावावर एसएचएम_अनलिंक होईल. चालू असलेल्या जुन्या वर्करना अनलिंकने धक्का लागत नाही. नाव लगेच जातं, मेमरी मात्र शेवटचा जुना वर्कर बाहेर पडल्यावरच सुटते. तेवढा वेळ दोन्ही तुकडे एकदम मावतील इतकी जागा /डेव्ह/एसएचएमवर आहे ना, हे डिप्लॉयच्या आधी बघून घ्या.